हर्षदाचा कॅमेरा काय शिकला

आमच्या दिंडोलीच्या सोसायटीत नळाला पाणी सव्वासहाला येतं आणि साडेसातला जातं. त्या सव्वा तासात मला कोणी हाक मारलेली चालत नाही. त्या सोमवारी एकीकडे टाकी भरत होती, दुसरीकडे तव्यावर पोळी फुगत होती आणि आमचे हे डब्यात लोणचं का नाही म्हणून विचारत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल गणपतीपासून बंद आहे, त्यामुळे येणारा दार ठोकतो. पण हे ठोकणं दूधवाल्याचं नव्हतं, कचरागाडीवाल्याचंही नव्हतं. दोनदा हळू टकटक, मग थांबणं. मी न बघताच ओळखलं. हर्षदा.

"मावशी, चार दिवस तुमचं टेबल मिळेल?" काखेत लॅपटॉप, हातात कापडाची पिशवी. केस नीट विंचरलेले नव्हते आणि तरी ती नीटनेटकी दिसत होती. हे तिला कसं जमतं, मला कधी कळलेलं नाही.

"घरी काय झालं?"

"घरी आईच्या साड्या. परवा शंभर आल्यात धागा कटिंगला. पाय ठेवायला जागा नाही."

मी काही बोलायच्या आत हे आतून म्हणाले, "टेबल कशाला, अख्खं घर घे! आपल्या खान्देशी माणसांत, इथं सुरतेत, तुझ्याइतकं शिकलेलं दुसरं आहे कोण?"

मी पोळी उलटली. ती एका बाजूने करपली होती. तीच त्यांच्या डब्यात घातली.

ह्यांच्या लक्षात नसतं, पण मीही शिकलेली आहे. अमळनेरच्या कॉलेजात बी.ए. केलं, मानसशास्त्र घेऊन, आणि त्या वर्षी विषयात कॉलेजात पहिली आले होते. एम.ए.चा फॉर्म भरला होता. मग सुरतेचं स्थळ आलं. याबद्दल मला कुणाशी भांडायचं नाही, संसार चांगला झाला. पण समोरच्या घरातली मुलगी तोच विषय घेऊन कुठल्या कुठे निघून जाते आणि मी तिला चहा करून देते, तेव्हा साखर जरा हात राखून घालते. त्याला काय म्हणतात ते मला नीट माहीत आहे. पुस्तकात होतं.

हर्षदा आमच्या समोरच्या वाल्मिकभाऊंची मुलगी. वाल्मिकभाऊ अठ्ठावीस वर्षं उधन्याला लूमवर, यंत्रमागावर आहेत. कारखान्यातल्या आवाजाने कान गेले, म्हणून साधं 'जेवलात का' विचारतात तेही गल्लीभर ऐकू जातं. तिची आई धुरपदाबाई साडीच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापायचं काम घरी आणते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तेच करतात. हर्षदा दहा वर्षांची असताना आईच्या पायाशी कात्री घेऊन बसायची, आणि कंटाळा आला की माझ्याकडे पळून यायची. महापालिकेच्या मराठी शाळेत होती. मी तिचा अभ्यास घ्यायचे. अभ्यास झाला की एक खेळ. मी वाटाणे सोलत सोलत पंधरा शब्द सांगायचे: चमचा, ढग, मामा, टाचणी. शेवटचा शब्द संपला की लगेच तिनं ते पंधरा शब्द परत सांगायचे. पहिले दोन आणि शेवटचे तीन सगळ्यांना आठवतात, मधले गळतात. हे मी कॉलेजात वीस मुलींवर करून पाहिलं होतं.

हर्षदानं चौथ्या दिवशी विचारलं, "मावशी, मधलेच का गळतात?"

मी म्हणाले, "तसंच असतं."

ती म्हणाली, "पण का?"

बारावी सायन्सनंतर वाल्मिकभाऊंना तिनं कॉम्प्युटर घ्यावं असं वाटत होतं. तिनं मानसशास्त्र घेतलं, जोडीला संख्याशास्त्र. धुरपदाबाई माझ्याकडे आल्या होत्या भांडायला. "व मास्तरीणबाई, तूच भरेल शे तिना डोकामा! आते नोकरी कोन देई?" मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. वाटलं, माझं काहीतरी पुढे चाललंय.

मग ती गांधीनगरला गेली. कॉग्निटिव्ह सायन्स नावाचं एम.एस्सी. होतं. माणूस बघतो कसं, लक्षात ठेवतो कसं, ठरवतो कसं, याचा अभ्यास, आणि त्यात मानसशास्त्र, मेंदू, भाषा, गणित, कॉम्प्युटर सगळं एकत्र. माझ्या वेळी असलं काही नव्हतं, निदान अमळनेरला नव्हतं. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा तिनं मला सांगितलं की मधले शब्द का गळतात याच्यावर किती लोकांनी किती वर्षं घातली आहेत. अर्धा तास सांगत होती. मी मान हलवत होते. तिच्या बोलण्यात मला न कळलेले चार शब्द आले, आणि ते चारही मी विचारले नाहीत.

प्रबंधासाठी तिनं विषय निवडला तो आमच्याच गल्लीतला. धागा कापणाऱ्या बायकांची नजर. एक चष्मा असतो, तो घातला की डोळा कुठे कुठे गेला आणि कुठे थांबला ते टिपलं जातं. चौदा बायकांना चष्मे घालून बसवलं. आमच्या ओट्यावर दोन दिवस नुसता हशा. त्यांतल्या मंगलाबाई म्हणाल्या, "चष्म्यात मी हिरोईन दिसते का गं?" त्यातून निघालं असं, की नव्या बाया साडी ओळीनं बघतात, डावीकडून उजवीकडे, वाचल्यासारखी. धुरपदाबाईंसारख्या जुन्या बाया तसं बघतच नाहीत. त्यांची नजर साडीवर नुसती सैल पडते आणि लोंबणारा धागा असेल तिथे जाऊन अडकते.

हे असं का होतं ते समजायला तिनं कॉम्प्युटरवर एक नकली नजर तयार केली. साड्यांचे फोटो दाखवायचे, धागा कुठे आहे ते सांगायचं, असं हजारो वेळा. हळूहळू ते यंत्र न सांगता धागा शोधायला लागलं. तिचे सर म्हणाले, छान, आता माणसाबद्दल लिही. पण तिचं मन त्या यंत्रातच गुंतलं. ते शिकलं कसं, चुकतं कुठे, हेच डोक्यात. माणसाचं डोकं समजावं म्हणून यंत्राला शिकवायला घेतलं आणि यंत्राच्याच नादी लागली, असं ती स्वतःच सांगते. यंत्राला असं शिकवण्यालाच मशीन लर्निंग म्हणतात.

नोकरी काही लगेच मिळाली नाही. इंजिनियर नाही म्हणून पाच-सहा ठिकाणी दारातूनच परत पाठवलं. आठ महिने ती घरी होती आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून गणिताचे व्हिडिओ बघायची, वहीत आकड्यांचे चौकोन मांडायची. मी वाळवण घालायला जायचे तेव्हा दिसायची. त्या आठ महिन्यांत मी तिच्यावर सगळ्यात जास्त माया केली. आता लिहायला हरकत नाही: तेव्हा ती माझ्यासारखीच घरी बसलेली होती.

मग बंगलोरच्या कंपनीनं घेतलं. भाज्या विकणारी कंपनी. टोमॅटोचा फोटो बघून चांगला की नासका ते यंत्रानं सांगायचं. तीन वर्षं टोमॅटो केले. आणि दोन वर्षांपूर्वी ती परत आली, सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून, एका छोट्या कंपनीच्या सुरत ऑफिसात. काम काय, तर कापडातली खोट शोधणारा कॅमेरा. तुटलेली तार, झोल, तेलाचा डाग. म्हणजे फिरून आमच्याच ओट्यावर आली, पण पगारी.

गेल्या वर्षी एका गुजराती पेपरात तिच्यावर अर्धं पान आलं. लूम कामगाराची मुलगी वगैरे. वाल्मिकभाऊंनी बारा प्रती आणल्या. एक मला दिली. त्यात प्रेरणा कोणाची असं विचारलं होतं आणि गांधीनगरच्या सरांचं नाव होतं. मी दोनदा वाचलं. धुरपदाबाई म्हणाल्या, पोरीनं तुझंही नाव सांगितलं होतं, त्या पेपरवाल्यानं छापलं नाही. असेल. मी हर्षदाला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तो पेपर मी कपाटात फळीवर अंथरायला वापरला. उलटा.

तर अशी ही हर्षदा त्या सोमवारी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसली. मी तिला चहा दिला, कानाचा टवका गेलेल्या कपात. चांगले कप होते घरात.

चहा पिताना तिनं सांगितलं तेव्हा मला प्रकरण कळलं. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड धुऊन रंगवायच्या मिलमध्ये, त्यांच्या कॅमेऱ्याची चाचणी होती. पहिली चाचणी शनिवारी झाली आणि पार फसली. ऑफिसात हाच कॅमेरा शंभरातल्या सत्त्याण्णव खोटी धरत होता. मिलमध्ये मशीनवरून येणारं ताजं कापड त्याच्याखालून गेलं तर त्यानं एकही धरली नाही. तिथले मॅनेजर हसत म्हणाले, "बेन, आ तो बधुं ज पास करे छे. आना करतां तो मारा ससरा सारा." सगळं पास करतो, याच्यापेक्षा माझे सासरे बरे. आता शुक्रवारी पुन्हा एकदा, शेवटची. नाही जमलं तर कंपनी सुरतचं ऑफिस बंद करणार.

"आणि तू?"

"बंगलोर. नाहीतर घरी." कप खाली ठेवून ती म्हणाली, "मावशी, मला इथेच राहायचंय. हे काम इथलंच आहे. बंगलोरला बसून कोणाला कळणार कापड?"

मी विचारलं, "पण ऑफिसात चालतं आणि तिथे नाही, असं कसं?"

"तेच तर. फोटो त्याच मिलचे आहेत, कापड तेच, लाइट तोच." मग ती सांगत बसली, फोटो कसे काढले ते. मिलमध्ये तपासणीच्या टेबलावर बायका कापड बघतात. आपल्याच बायका, धुळे-शिरपूरकडच्या. फिकट कापडावर खडू दिसत नाही आणि पेनाचा डाग पडतो, म्हणून खोट दिसली की त्या तिच्या शेजारी टिकली चिकटवतात. कपाळाची साधी टिकली, पाकिटातली. मग पुढच्या माणसाला खोट शोधावी लागत नाही. हर्षदाच्या लोकांना खोटींचे हजारो फोटो हवे होते, त्यांनी हे टिकल्या लावलेले ताकेच घेतले. ताका म्हणजे कापडाची घडी.

"पण मी पहिल्याच दिवशी शुभमला सांगितलं," ती म्हणाली. शुभम तिच्या हाताखाली काम करतो. "टिकली काढल्याशिवाय एक फोटो घ्यायचा नाही. नाहीतर यंत्र खोट शिकायची सोडून टिकली शिकेल. लाल दिसलं की खोट! ते फार लबाड असतं, मावशी. सोपी वाट दिसली की तिकडूनच जातं." ती हसली. हुशार मुलगी. मला तिचं ते हसू बघवलं नाही.

मंगळवारी मी टेबल पुसत होते. तिनं फोटो मोठा करून ठेवला होता, अख्ख्या स्क्रीनभर पांढरं कापड. मधे तार तुटलेली, आडवी रेघ. आणि रेघेच्या बाजूला, अगदी पुसट, बारीक तंतूंच्या रुव्याचं एक गोल कडं.

मी थांबले. तिनं पुढचा फोटो लावला. तेलाचा डाग, आणि शेजारी तसंच कडं. पुढचा. तसंच.

ते काय आहे हे कळायला मला कॉग्निटिव्ह सायन्स लागलं नाही. माझ्या कपाटाच्या आरशावर तशी पंधरा कडी आहेत. टिकली काढली तरी तिचा डिंक राहतो, आणि डिंकावर धूळ बसते. रोज रात्री टिकली आरशाला लावणाऱ्या कोणत्याही बाईला हे माहीत असतं. हर्षदा गांधीनगरला गेल्यापासून टिकली लावत नाही. तिनं ते कडं पाहिलं नसेल असं नाही. कापडावर रुवा असतोच, तसा रुवा समजून सोडलं असेल. पण यंत्रानं सोडलं नव्हतं. त्याला खोट शोधायची गरजच उरली नव्हती. कडं दिसलं की खोट, कडं नाही की पास. आणि मशीनवरून थेट येणाऱ्या ताज्या कापडाला अजून कोणी टिकली लावलेलीच नसते.

हे सगळं माझ्या डोक्यात फडका हातात असतानाच झालं. वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहिलेल्या डोक्यात.

"मावशी, काय?" हर्षदानं मान वर केली.

"काही नाही," मी म्हणाले. "भाजीला काय टाकू विचार करत होते."

का म्हणाले तसं? पुष्कळ विचार केला नंतर. त्या क्षणी एवढंच वाटलं की हे माझं आहे. तिच्या सरांना दिसलं नाही, कंपनीला दिसलं नाही, पेपरात जिचं अर्धं पान आलं तिला दिसलं नाही. मला दिसलं. आणि मी सांगितलं की पाच मिनिटांत ते तिचं होईल, तिच्या लॅपटॉपात जाईल, आणि मी भाजीला लागेन. थोडा वेळ माझ्याकडे राहू दे, असं वाटलं. त्या दुपारी मी वांग्याचं भरीत फार छान केलं. तिला आग्रहानं वाढलं. लुसलुशीत माया दाखवत होते आणि आत कुलूप.

बुधवारी ती सकाळीच आली. यंत्राचे काय काय भाग बदलून बघत होती, आकडे वर-खाली करत होती. तोंडानं पुटपुटत होती. दुपारी धुरपदाबाई डोकावल्या, हातात कात्री तशीच.

"व बइन, पोर काही खास का नही?"

"खाते की. काल भरीत खाल्लं."

"घर ते खात नही." दारातच बसल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "बंगलोर गई म्हंजे गई. टोमॅटो देखी देखी मरी जाई."

"आई!" हर्षदा टेबलावरून म्हणाली. "ऐकू येतंय मला."

"तुले ऐकाडासाठेच बोली राह्यनू. तुना बापले ते ऐकू येत नही, निदान तू ऐक."

आम्ही तिघी हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं. आणि तरीही बोलले नाही. आज सांगितलं तर काल का नाही, असं होईल, हे आता नवीन निघालं होतं. एक दिवस दडवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी अजून जड होते. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, तुझा चेहरा असा का? मी म्हटलं, पित्त.

गुरुवारी साडेअकराच्या सुमाराला हर्षदानं लॅपटॉप मिटला. मी डाळ निवडत होते. ती येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि ताटातले खडे वेचायला लागली.

"मला येत नाही हे, मावशी," ती म्हणाली. "माणसं कशी बघतात ते शिकत होते, तेच बरं होतं. उगाच यंत्राच्या मागे गेले. मी इंजिनियर नाहीच. ते पाच-सहा लोक बरोबर होते, दारातून परत पाठवणारे. बी.एड. केलं असतं तर आतापर्यंत कुठेतरी शिकवत असते."

ते ऐकून मला बरं वाटलं. लपवत नाही. गच्चीवरच्या त्या आठ महिन्यांसारखं, अगदी तसंच ऊबदार बरं वाटलं. आणि मी डाळीचं ताट बाजूला सारलं. कारण मला दिसलं की ही मुलगी माझ्यासमोर तुटतेय आणि मी शेकत बसलेय.

"उठ," मी म्हणाले. "तो तार तुटलेला फोटो लाव. मोठा कर. अजून मोठा. हे बघ."

"हा रुवा आहे."

"रुवा गोल बसतो का? पुढचा लाव. आता हा. आता बोल."

मी तिचा हात धरून तिला कपाटाच्या आरशापुढे नेलं. तिनं आरशावरच्या एका कड्याला बोट लावलं. बोट किंचित चिकटलं. तिनं ते बोट नाकापाशी नेलं, कशाला कोण जाणे, आणि मग खाली बसून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती.

"टिकल्या द्या," ती म्हणाली. "आणि पांढरं काहीतरी."

मी ह्यांचा नवा रुमाल दिला. तिनं त्यावर पाच टिकल्या चिकटवल्या, दोन मिनिटं दाबून धरल्या, काढल्या, रुमाल झटकला. डब्यातलं थोडं पीठ बोटानं भुरभुरवलं, फुंकलं. पिशवीतून छोटा कॅमेरा काढून फोटो घेतले आणि यंत्राला दाखवले. रुमाल कोरा होता, एक तार हललेली नव्हती. यंत्रानं सांगितलं: पाच खोटी.

"बघा मूर्खाला," हर्षदा म्हणाली, जसं कोणी लाडानं आपल्या पोराला म्हणेल. "आणि याच्याहून मूर्ख मी." लगेच तिनं शुभमला फोन लावला. "टिकलीचा डिंक! अरे डिंक, डिंक! तू पलसाण्याला नीघ. मशीनवरच्या कापडाचे फोटो हवेत, तपासायला जायच्या आधीचे. बायकांना सांग, आज टिकली नाही, नुसतं बोटानं दाखवा." चप्पल घालता घालता परत आली, मला मिठी मारली आणि गेली. टेबलावर रुमाल तसाच होता.

एक दुपार आणि शुक्रवारची सकाळ, एवढ्यात किती फोटो होणार? यंत्राला जुनं विसरायला लावून नवीन शिकवायचं, त्यालाही वेळ लागतो. शुक्रवारी संध्याकाळी निकाल वाल्मिकभाऊंच्या आवाजात सगळ्या गल्लीला कळला. चाळीस खोटी होत्या, तेवीस धरल्या. शनिवारच्या शून्याहून पुष्कळ, पण मिलला हव्या होत्या छत्तीस. शेठ हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कॅमेरा इथेच राहू द्या, दिवाळीनंतर पुन्हा दाखवा, म्हणाले. कंपनीनं सुरतच्या ऑफिसाला तेवढीच मुदत दिली. म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही.

मी रात्रभर मनात दिवस मोजत पडले नाही असं म्हणणार नाही. मंगळवार, बुधवार. आणखी दोन दिवस मिळाले असते तर तेवीसचे छत्तीस झाले असते का? मला यंत्रातलं कळत नाही. पण दोन दिवस म्हणजे किती, हे कळतं.

रविवारी मी त्यांच्याकडे वरण-बट्टी घेऊन गेले. घरात साड्यांमधून वाट काढत जावं लागलं. हर्षदा आईशेजारी बसून धागे कापत होती, कात्री झरझर चालत होती. वाल्मिकभाऊ गरजले, "या, या! हिनं सांगितलं, तुम्हीच धरली ती टिकली! मी म्हटलं, मास्तरीणबाई आहेत त्या!" धुरपदाबाईंनी बट्टी फोडून पहिला तुकडा माझ्याच तोंडात घातला.

निघाले तेव्हा हर्षदा फाटकापर्यंत आली. शेजारच्या लूमचा आवाज रविवारी बंद असतो, त्यामुळे हळू बोललेलंही ऐकू येत होतं.

"मावशी," ती म्हणाली, "शुभमनं ऑफिसात सगळ्यांना मेल केलाय. त्यात तुमचं नाव आहे. पूर्ण नाव, आणि बी.ए. मानसशास्त्र, अमळनेर."

"कशाला गं उगाच."

ती थोडा वेळ फाटकाच्या कडीशी खेळत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी दोन वर्षं नुसती लोकांची नजर मोजली आहे. बघणारी नजर कशी फिरते आणि सापडल्यावर कशी थांबते. मंगळवारी तुम्ही टेबल पुसत होता तेव्हा तुमची थांबली होती. मला वाटलं, भाजीचाच विचार असेल. गुरुवारी तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं."

ती रागावलेली नव्हती. तिचा आवाज डाळीतले खडे वेचताना होता तसाच होता.

"एक सांगू?" ती म्हणाली.

"सांग."

"पुढच्या वेळी काही दिसलं, तर मला त्याच दिवशी सांगा."